तोडणीचा प्रोग्राम आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम



मागील काही अंकांतून आपण बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त या विषयांची माहिती घेतली. या अंकात विषय जरा वेगळा आहे. प्रथमदर्शनी तो उसाचा वाटणार नाही. पण शेवटपर्यंत वाचल्यास तो उसाचाच आहे हे आपल्या ध्यानात येईल.

गोष्ट दिवाळीच्या सुट्टीतली. तोडणीचा प्रोग्राम लावण्यापूर्वी ब्रिक्स तपासण्यासाठी बेडसे येथे गेलो होतो. काम आटोपल्यावर एका जुन्या सभासदांनी घरी चहाला नेले. त्यांची मुलगी यंदा कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, विषय कॉम्प्युटर सायन्स. चहा घेता घेता ते म्हणाले, "साहेब, फीचे पैसे उसाच्या बिलातनं भरलेत. पण पोरगी म्हणतीया, त्या प्रोग्रामिंगचं काय डोक्यात शिरंना, परत येते. येते तर येऊ दे म्हटलं. एखादं चांगलं स्थळ बघू."

मुलगी दारात उभी होती. तिला विचारले, "बाळ, नक्की अडतं कुठं?" ती म्हणाली, "काका, वर्गातल्या बऱ्याच जणांनी बारावीलाच हे केलंय. मी पहिल्यांदाच बघते. परवा दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला तर मशीननं 27 चुका दाखवल्या. मी मशीन बंदच केलं."

मी म्हटले, "मला पहिल्या खेपेला 31 दाखवल्या होत्या."

बापलेक दोघेही माझ्याकडे बघू लागले. मग त्यांना जे सांगितले तेच आज येथे विस्ताराने लिहीत आहे. कारण कार्यक्षेत्रातील अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे.

मी या वाटेला का गेलो

माझे शिक्षण कृषी पदविकेपर्यंत. कॉम्प्युटरशी संबंध एवढाच, की ऊसनोंद भरायची आणि यादी काढायची. एखाद्या सभासदाची नोंद अडली की, "कॉम्प्युटर घेत नाही," असे उत्तर आपण ऐकलेच असेल. हे उत्तर मीही दिलेले आहे. एकदा एका म्हाताऱ्या सभासदांनी विचारले, "घेत नाही म्हंजे? त्याला नको कुणी सांगितलंय?" मला उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. कॉम्प्युटर आपण होऊन काही घेत नाही की नाकारत नाही. त्याला कोणीतरी तसे सांगून ठेवलेले असते.

म्हणून वयाच्या पंचेचाळिशीत प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम करायचे ठरवले. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्रा. अभिराम रानडे यांचा प्रोग्रामिंगची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम मोबाईलवर व कॉम्प्युटरवर पाहता येतो. केंद्र शासनाने 2017 साली 'स्वयम्' या नावाने जी सोय सुरू केली, तीवर असे कॉलेजचे अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात. शिकण्याला पैसे पडत नाहीत. दर आठवड्याला स्वाध्याय असतो. शेवटी परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा देता येते, तिची फी मात्र वेगळी भरावी लागते. माझे पहिले दोन स्वाध्याय साफ गेले. तिसऱ्याला निम्मे गुण मिळाले. अखेर परीक्षा पास झालो, पण वरच्या नंबरात नव्हे.

प्रोग्राम हा शब्द आपला जुनाच आहे

तोडणीचा प्रोग्राम कसा लागतो हे आपणांस पाठ आहे. नोंदी घ्यायच्या, लागणीची तारीख बघायची, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशी वर्गवारी करायची, जात पाहायची, पक्वता पाहायची आणि त्या क्रमाने तोडणीचा आदेश द्यायचा. कोणी कशाच्या आधी, कोणी कशाच्या नंतर, हे ठरवून लिहिलेली कामांची यादी म्हणजे प्रोग्राम. कॉम्प्युटरचा प्रोग्राम याहून निराळा नाही.

फरक एवढाच, की आपला चिटबॉय माणूस आहे. आदेशात काही राहून गेले तरी तो फडात उभा राहून विचार करतो, "हा ऊस आडसाली दिसतोय, नोंदीत काहीतरी चुकलंय," आणि गट ऑफिसात येऊन सांगतो. मशीन असा विचार करत नाही. जे लिहिले तेवढेच करते, आणि चुकीचे लिहिले तर चुकीचे काम बिनबोभाट लाखो वेळा करते.

आपल्या देशात हे काम नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा कॉम्प्युटर चालू झाला. कानपूरच्या आय.आय.टी.त 1963 साली कॉम्प्युटर आला आणि तेथे विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवणे सुरू झाले. बेडशाच्या मुलीला जी 'सी' भाषा शिकवतात ती अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास तयार केली. मी शिकलो ती 'सी प्लस प्लस' तिच्यापासूनच पुढे निघालेली.

पहिल्या अभ्यासक्रमात काय शिकवतात

नावे मोठी असली तरी पहिल्या वर्षाचा गाभा चार गोष्टींचा आहे.

पहिली, रकाना. इंग्रजीत त्याला व्हेरिएबल म्हणतात. नोंदवहीत 'लागण महिना' असा रकाना असतो व त्यात 7 किंवा 10 असा आकडा भरतो, तसेच हे. रकान्याचे नाव तेच राहते, आतला आकडा बदलतो.

दुसरी, जर-तर. जर उसाचे वय अमुक महिन्यांपेक्षा जास्त असेल तर त्याला पुढच्या यादीत घ्या, नाहीतर थांबवा. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. वाफसा असेल तर पेरा, नाहीतर थांबा, हे आपण रोजच करतो.

तिसरी, फेरा. तेच काम पुन्हा पुन्हा करणे. मुलीला म्हटले, "तू लेण्यांच्या पायऱ्या चढतेस. एकूण किती आहेत हे ठाऊक नसलं तरी चालतं. पायरी शिल्लक आहे का? असेल तर एक चढ आणि पुन्हा तोच प्रश्न विचार. पायऱ्या संपल्या की थांब. हाच फेरा." त्यात थांबायची अट लिहायला विसरलो की मशीन कधीच थांबत नाही. बैल घाण्याला जुंपून मालक गावाला गेल्यासारखे होते.

चौथी, कामाची वाटणी. मोठे काम लहान लहान तुकड्यांत करून प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचे. शेतकी खाते, वजनकाटा, गव्हाण आणि हिशेब विभाग यांची कामे वेगळी, पण एकमेकांना माहिती देणारी. प्रोग्रामही तसाच बांधतात.

रानडे सरांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच पडद्यावर एक कासव येते. त्याला सांगायचे, शंभर पावले पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ. हे चार वेळा केले की चौकोन तयार होतो. मला तर तो बांधाची मोजणी करणारा गडीच वाटला. वळायला सांगायचे विसरलो तर कासव बिचारे सरळ चालत पडद्याबाहेर जाते. त्यात त्याचा दोष नाही.

अर्धा टन कुठे गेला?

आता एक अशी चूक सांगतो की जी प्रत्येक सभासदाला कळेल.

सरावासाठी मी एक लहान प्रोग्राम लिहिला. दोन हेक्टरांतून 185 टन ऊस निघाला तर हेक्टरी सरासरी किती? आपण तोंडी सांगू, साडेब्याण्णव टन. मशीनने उत्तर दिले 92. पुन्हा केले, पुन्हा 92. अर्धा टन गेला कुठे?

कारण असे, की या भाषांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते. दशांश चिन्हापुढचे सारे कापून टाकले जाते. टनांचा रकाना अपूर्णांकाचा आहे असे आधी सांगितले असते, तर 92.5 आले असते. मशीनने लबाडी केलेली नव्हती. मी रकाना चुकीचा आखला होता.

दुसरी चूक वजनकाट्याची. तीन खेपांची वजने 11.240, 10.875 आणि 12.310 टन. बेरीज 34.425 यायला हवी. माझी आली भलतीच. बेरजेचा रकाना सुरुवातीला शून्य करायचे मी विसरलो होतो, त्यामुळे त्यात आधीचा काहीतरी आकडा पडून होता. काटा शून्यावर न आणता गाडी चढवली तर काय होईल, तेच झाले.

सतरा महिन्यांचा ऊस पाच महिन्यांचा झाला

तिसरी चूक सर्वांत मोठी. अभ्यास म्हणून मी तोडणीचा क्रम लावणारा प्रोग्राम लिहिला. नोंदी मनाने केलेल्या होत्या, प्रत्यक्ष कामाशी त्याचा संबंध नव्हता. उसाचे वय काढण्यासाठी मी चालू महिन्यातून लागणीचा महिना वजा केला. डिसेंबर म्हणजे 12. सुरू उसाची लागण जानेवारीत, म्हणजे 1. वय 11 महिने, बरोबर. आडसालीची लागण जुलैत, म्हणजे 7. बारातून सात गेले, वय 5 महिने!

आडसाली उसाची लागण गेल्या वर्षीच्या जुलैतली, हे मी सांगितलेच नव्हते. खरे वय 17 महिने. वर्षांच्या फरकाला 12 ने गुणून त्यात महिन्यांचा फरक मिळवला, की 12 आणि 5 मिळून 17 होतात आणि सुरूचे 11 तसेच राहतात. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची.

पण ती ओळ नसताना जी यादी निघाली ती पाहून मला घाम फुटला. अकरा महिन्यांचा ऊस सर्वांत वर आणि सतरा महिन्यांचा आडसाली सर्वांत तळाला! यादी सुबक छापलेली, रकाने नीटनेटके. नवखा माणूस ती डोळे झाकून मानेल. असे प्रत्यक्षात झाले तर पक्व ऊस तोडीविना उभा राहील, तुरा येईल, वजन घटेल, आणि शेतकऱ्याला कोणी विचारणारा नसेल, कारण "कॉम्प्युटरने काढलेला प्रोग्राम आहे."

ही चूक मी कशी पकडली? प्रोग्रामिंग चांगले येत होते म्हणून नव्हे. तोडणीला आलेला आडसाली ऊस डिसेंबरात पाच महिन्यांचा असू शकत नाही, हे मला शेतात हिंडून ठाऊक होते म्हणून. मला आज जे सांगायचे आहे ते हेच. उसाचे प्रोग्राम लिहिणारा उसाच्या घरातला हवा. नुसते कॉम्प्युटर जाणणाऱ्याला आडसाली कळत नाही, आणि नुसता ऊस जाणणाऱ्याला यादी कोणत्या नियमाने निघाली ते कळत नाही. दोन्ही जाणणारी मुले-मुली आपल्याच वाड्यावस्त्यांवर तयार झाली पाहिजेत.

वारणेचा धडा

सहकारात याचा अनुभव जुना आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा परिसरात 1998 साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रांची योजना आखली. पुढे 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी तेथे पाहणी केली. शेतकरी या केंद्रांत मुख्यतः येत होते ते उसाचे वजन, खत आणि तोडणीचा आदेश या कामांसाठी. मग सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाईलवरच्या एस.एम.एस.ने तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते जमले.

यातून घ्यायचा धडा असा, की यंत्र महाग की स्वस्त हा प्रश्न नंतरचा. सभासदाला नेमके काय हवे आहे, हे ज्याला कळते त्याचाच प्रोग्राम उपयोगी पडतो.

काही सभासद विचारतात, "आता तर मशीनच प्रोग्राम लिहून देतं म्हणे, मग पोरांनी शिकायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत, हे आपण ऐकले असेल. मशीन प्रोग्राम लिहून देते हेही खरे. पण लागणीचे वर्ष धरले की नाही, भागाकारात दशांश कापला की नाही, हे तपासायला माणूस लागतोच. खत गोणीतून तयार मिळते म्हणून माती परीक्षण सोडून चालत नाही, तसेच हे आहे.

विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी सूचना

1) पहिले दोन-तीन महिने काही कळत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. उगवण विरळ दिसली म्हणून पंधरा दिवसांत कोणी सरी मोडत नाही. नांग्या भरतात.

2) मशीनने 27 चुका दाखवल्या म्हणजे 27 चुका केल्या असे नाही. एक कंस किंवा ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला की खालच्या साऱ्या ओळी चुकीच्या दिसू लागतात. फक्त पहिली चूक दुरुस्त करावी आणि पुन्हा चालवून पाहावे.

3) आधी कागद, मग मशीन. कागदावर रकाने आखून प्रत्येक ओळीनंतर कोणत्या रकान्यात कोणता आकडा आहे ते लिहीत जावे. आपल्या आजोबांनी खतावणी याच रीतीने लिहिली.

4) एक बरोबरचे चिन्ह आणि दोन बरोबरची चिन्हे यांत फरक आहे. एक म्हणजे 'रकान्यात भर', दोन म्हणजे 'सारखे आहे का ते बघ'. नवशिक्याचे निम्मे रडणे येथे असते.

5) इंग्रजी कच्चे म्हणून घाबरू नये. 'सी' भाषेच्या मूळ प्रमाण आवृत्तीत राखीव शब्द अवघे 32 आहेत. उसाच्या जाती आणि खतांचे प्रकार मिळून आपण याहून जास्त नावे लक्षात ठेवतो. मुंबई आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात सी आणि सी प्लस प्लसचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात मिळतात. पाठ थांबवत थांबवत, शेजारी स्वतः करीत शिकावे.

6) दुसऱ्याचा प्रोग्राम उतरवून गुण मिळतील, पण विद्या येणार नाही. उसना ऊस आपल्या नोंदीवर घातल्याने आपल्या शेताचा उतारा वाढत नाही.

7) पालकांनी महिन्याला एकदा एवढेच विचारावे, "या महिन्यात कुठली चूक सापडली?" किती गुण पडले ते नंतर.

8) सभासदांनीही एक हक्क लक्षात ठेवावा. कॉम्प्युटरची यादी समजली नाही तर, "यादी कोणत्या नियमाने लावली?" असे विचारावे. नियम सांगणे आमचे काम आहे. "कॉम्प्युटर घेत नाही," हे उत्तर निदान माझ्याकडून आपणांस यापुढे मिळणार नाही.

पुन्हा बेडसे

त्या दिवशी मुलीने वही आणली. दहा ओळींचा तो प्रोग्राम आम्ही ओसरीवर बसून कागदावर चालवला. चौथ्या ओळीला अर्धविराम नव्हता. तो दिल्यावर, उरल्या होत्या दोन चुका, त्याही तिनेच काढल्या. मी हात लावला नाही. मग तिने वडिलांकडून मागच्या हंगामाच्या वजनपावत्या मागून घेतल्या आणि म्हणाली, "काका, याच्या बेरजेचा लिहून बघू?" मी म्हटले, "बघ. पण आधी काटा शून्य कर."

वडील बराच वेळ गप्प होते. पायऱ्यांपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "साहेब, स्थळाचं बघू नंतर. आधी पोरीचा हिशेब आन माझ्या वहीचा हिशेब जुळतोय का बघतो."

सुट्टी संपल्यावर मुलगी कॉलेजात परत गेली आहे. परीक्षा अजून व्हायची आहे. तिचा निकाल काय लागेल तो लागो. पण एका सभासदाच्या घरात पावत्यांची बेरीज दोघांनी दोन रीतींनी केली आणि ती जुळते की नाही हे पाहिले. हे मला मोलाचे वाटते. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? हिशेब आपला, आणि तो तपासणारी माणसेही आपली.

ज्यांची मुले-मुली हा विषय शिकत आहेत त्यांनी गळीत हंगामाची घाई आटोपल्यावर गट ऑफिसात जरूर भेटावे. मला फार येते असे नाही. पण चुका मी भरपूर केल्या आहेत, आणि त्या साऱ्या वहीत लिहून ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ असावा. जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी